पहिली वाफ

लिफ्टचं दार बंद झालं आणि सरोजिनीबाईंना आरशात दिसलं, की आतल्या प्रत्येकाने नाकाला काही ना काही लावलेलं आहे. कुणी रुमाल, कुणी ओढणीचं टोक, एका गृहस्थाने तर नुसतीच दोन बोटं. आधी त्यांना वाटलं, पुन्हा कसली तरी साथ आली असावी आणि आपल्याला पत्ताच नाही. मग वरच्या मजल्यावरची हेमाली ओढणीआडून म्हणाली, "आंटी, तुम्ही कशा काय उभ्या आहात हो? मला तर मळमळायला लागलंय." तिने डोळ्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. तिथे एक फाटकी प्लॅस्टिकची पिशवी पडली होती. कुणीतरी अर्नाळ्याहून सुके बोंबील आणि जवळा आणला असणार आणि वर नेता नेता पिशवी फुटली असणार. जवळा लिफ्टभर सांडला होता. सरोजिनीबाईंच्या चपलेखालीसुद्धा होता. त्यांनी पाय हलवला तसा तो बारीक चुरचुरला. "हो ना, फारच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर नाकाशी नेला. हे इतकं सहज झालं, की आपण खोटं बोललो हे त्यांना पदर लावल्यावर कळलं. पदराआडून त्यांनी हळूच श्वास आत ओढला. थंड हवा आत गेली. नुसती हवा. मजले उतरत गेले आणि त्या प्रत्येक मजल्याला एकेक श्वास ओढून बघत राहिल्या, कुणी राहत नसलेल्या घराची कडी वाजवून बघावी तशा.

बाहेर खाडी ओहोटीला लागली होती. ओहोटीला नायगावचा चिखल उघडा पडतो, आणि नव्या टॉवरमधली माणसं खिडक्या लावून घेतात. सरोजिनीबाईंना तो वास कधी वाईट वाटला नव्हता. त्यात मीठ असायचं, शेवाळ असायचं, कुजलेल्या लाकडाचं काहीतरी असायचं, आणि हे सगळं त्यांना सुटं सुटं ओळखता यायचं. आज चिखल नुसता दिसत होता. वडे तळणाऱ्याच्या कढईवर धूर होता, गटार भरून वाहत होतं, फुलवालीच्या टोपलीत सोनचाफा होता, आणि हे सगळं एखाद्या छापील चित्रात असावं तसं गुळगुळीत. त्यांनी थांबून एक चाफा विकत घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा. बसमध्ये बसल्यावर तो मुठीत चुरगळला आणि मूठ नाकाशी धरली. बोटं ओली झाली, एवढंच. गणपतीत त्यांना ताप येऊन गेला होता. त्यानंतर तोंडाला चव नव्हती, पण तापानंतर चव नसतेच. ज्ञानदाने, त्यांच्या सुनेने, केलेली आमटी त्यांना अळणी लागली होती आणि त्या काही बोलल्या नव्हत्या, कारण सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या बायकांत त्यांना जायचं नव्हतं. मग ताप उतरला आणि त्या कामावर रुजू झाल्या. इथे त्यांचा विचार अडखळला. रुजू झाल्या त्याला बरेच दिवस झाले होते. रोज दुधाचे कॅन येत होते, रोज त्या झाकणावर वाकत होत्या आणि रोज "ठीक" म्हणत होत्या. मग इतके दिवस आपण हुंगत काय होतो? नाक कधी गेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बहुतेक त्या कॅन बघत होत्या, हा कुणाचा ते ओळखत होत्या, आणि त्या माणसाच्या दुधाचा वास त्यांना आठवत होता. आठवण इतकी पक्की होती की तिच्यामागे खरं काही आहे की नाही, हे बघायची कधी गरजच पडली नव्हती.

त्या काम करायच्या ती तुळिंजची लहान डेअरी; मालक भूपेश, ती घातलेली त्याच्या वडिलांनी. पुढे दुकान, मागे दूध उतरवून घ्यायचा ओटा, त्याच्या मागे टाक्या आणि दही-श्रीखंडाची खोली. आसपासच्या गावांतून, तबेल्यांतून लोक दूध आणत. मशीन फॅट सांगायचं, पाणी किती ते सांगायचं. पण कॅनचं झाकण उघडल्यावर आधी वाकायच्या त्या सरोजिनीबाई. त्यांनी मान हलवल्याशिवाय दूध टाकीत जात नसे. भूपेश गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे मशीन पण आहे आणि बाई पण आहेत." मोठ्या कंपन्यांचे टेम्पो आता वसईच्या गावागावांत फिरायला लागले होते, मोबाईलवर रोज कुठल्या ना कुठल्या नव्या प्रकल्पाची बातमी यायची आणि भूपेश ती मोठ्याने वाचून दाखवायचा, कुणाच्या तरी आजारपणाची खबर वाचावी तशी. त्या सगळ्यांत आपण टिकलो ते बाईंच्या नाकावर, असं तो म्हणायचा. हे ऐकून सरोजिनीबाईंना संकोच व्हायचा, आणि बरंही वाटायचं.

हे नाक त्यांनी घडवलं होतं मुंबईच्या सरकारी दुग्धशाळेत. चिपळूणकडून आलेली, नुकती बी.एस्सी. झालेली मुलगी, प्रयोगशाळेत बाटल्या विसळायचं काम मिळालं होतं. तिथल्या ओट्यावर एक म्हातारे सुपरवायझर होते. एकदा त्यांनी तिला उभं केलं, एका कॅनचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. "काय होतं?" ती म्हणाली, "दूध." ते म्हणाले, "दूध तर मलाही दिसतंय." मग पुढच्या कॅनला म्हणाले, झाकण उघडताना निघते ती पहिली वाफ. तिच्यात सगळं असतं. एकदा बाहेरची हवा मिसळली की कॅन खोटं बोलायला लागतो. महिन्याभरात तिला ओला कडबा कळायला लागला, नीट न धुतलेला कॅन कळायला लागला, नुकत्या व्यायलेल्या म्हशीचा चीक कळायला लागला, सुजलेल्या कासेचं खारट दूध कळायला लागलं. त्यांनी तिला सांगितलं, पावडर लावायची नाही, फूल माळायचं नाही, वासाचा साबण नाही, कांदा-लसूण सकाळी नाही. ती ते सगळं पाळत गेली. जयवंतनी लग्नानंतर पहिल्या शनिवारी गजरा आणला, तेव्हा तिने तो खिडकीच्या गजाला बांधला, बाहेरच्या बाजूने. जयवंत हसले होते. पुढे ते हसायचे बंद झाले, पण गजरा आणत राहिले, आणि तो गजावर वाळत राहिला. शेजारच्या बायकांना वाटायचं, ह्यांच्यात काही नवस-बिवस असेल. एका रात्री जयवंत कुशीवर वळले आणि तिला त्यांच्या श्वासात कुजत आलेल्या सफरचंदासारखं काही जाणवलं. सकाळी ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, "मी काय कॅन आहे का?" आठवडाभर ती रोज म्हणत राहिली आणि ते रोज तेच उत्तर देत राहिले; मग एके दिवशी ऑफिसात चक्कर येऊन पडले, तेव्हा साखर कळली. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. पण झोपताना तिच्याकडे पाठ करून झोपू लागले. नवऱ्याला बायकोची भीती वाटावी असं सरोजिनीबाईंमध्ये दुसरं काहीच नव्हतं. त्या नाकासमोर चालणाऱ्या बाई होत्या.

त्या दिवशी बसमधून उतरून त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. हिरामणने पहिला कॅन पुढे ओढला. हिरामण पन्नाशीचा, पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला; कॅन उचलणं, ओतणं, धुणं हे त्याचं काम. इतकी वर्षं दोघं हाताच्या अंतरावर उभी राहत होती, पण बोलणं कॅनपुरतं. त्याने झाकण उघडलं. सरोजिनीबाई वाकल्या आणि नेहमीसारखे त्यांचे डोळे मिटले. चेहऱ्याला ऊब लागली, ओल लागली. बाकी काही नाही. पापण्यांआड नुसता अंधार होता. एरवी तिथे वासच उभा असायचा आणि त्यामुळे आपण डोळे मिटले आहेत हे कधी जाणवलंच नव्हतं. "ठीक," त्या म्हणाल्या. दुसरा कॅन. "ठीक." त्यांना वाटलं होतं, आवाज कापेल, कुणीतरी वर बघेल. कुणी बघितलं नाही. शेवटच्या कॅनपर्यंत त्यांना एक विचित्र हलकेपणा आला होता, परीक्षेत कोरा कागद देऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला येतो तसा.

वसईच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे त्या ज्ञानदाला न सांगता गेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाकात दिवा घालून बघितलं, एक बाटली उघडून धरली, दुसरी धरली. "तापानंतर होतं असं. काहींचं परत येतं, काहींचं नाही येत. काळजी करू नका, ह्यावाचून काही अडत नाही तसं." मग सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" "नोकरी." "कसली?" "दुधाची," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली आणि नाकात सोडायचे थेंब लिहून दिले. बाहेर पडल्यावर सरोजिनीबाईंना वाटलं, आपण आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण ते कोणतं, हे त्यांना नक्की ठरवता आलं नाही. घरी त्या नेहमीसारख्या वागत होत्या. ज्ञानदा कधी विचारायची, "आई, हे दूध बघता का, कालचं आहे," तेव्हा त्या पातेल्यावर वाकायच्या आणि म्हणायच्या, "टाक, नवीन आण." असं म्हणण्यात धोका नव्हता. ओट्यावर मात्र उलटं होतं. तिथे "ठीक" म्हणण्यात धोका नव्हता. माणूस आंधळा झाला की लोकांना कळतं, तो भिंतीवर आपटतो. नाकाच्या आंधळ्याला आपटायला भिंतच नसते.

भिंत आली ती श्रीखंडाच्या रूपाने. एका लग्नाच्या जेवणासाठी गेलेले डबे परत आले. भूपेशने एक डबा ओट्यावर आणून आपटला. तो चिडका माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याचे कान लाल झाले होते. "बाई, मला कळतंय म्हणजे बघा. केशर घालूनसुद्धा झाकलं जात नाहीये. काय आहे हे?" सगळे बघत होते. सरोजिनीबाई वाकल्या. पिवळ्या पृष्ठभागावर चारोळ्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात एकेक वास पुढे घेतला, वकिलाने कपाटातून एकेक पुस्तक काढून बघावं तसा, आणि एक निवडला. "कासेचा आहे," त्या म्हणाल्या. "सुजलेल्या कासेचं दूध मिसळलंय." भूपेशचा चेहरा बदलला, उत्तर मिळालं की माणसाचा बदलतो तसा. "कुणाचं?" इथे त्या क्षणभर थांबल्या असत्या, म्हणाल्या असत्या की बघून सांगते, तरी चाललं असतं. पण त्या कधीच थांबत नसत. "रेजिनाचं असेल," त्या म्हणाल्या. आणि हे म्हणताना त्यांना आठवत होतं, की गेल्याच आठवड्यात रेजिनाने कॅन उतरवता उतरवता आपणहून सांगितलं होतं: नव्या व्यायलेल्या म्हशीच्या कासेचा एक सड दगडासारखा झालाय, डॉक्टर येऊन गेला. नाव आलं ते आठवणीतून. नाकाचा त्यात काही संबंध नव्हता. पण हे नाव बरोबर असण्याची शक्यता होती, आणि सरोजिनीबाईंनी त्या शक्यतेवर अंग टाकून दिलं.

रेजिना अर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका ख्रिस्ती गावातली. नवरा आखाती देशात होता, मग तो तिथलाच झाला; घरी म्हातारी आई आणि वाडीच्या कडेला तबेला. म्हशी ती स्वतः बघायची आणि स्कूटरच्या दोन बाजूंना कॅन बांधून स्वतः तुळिंजला यायची. तिचं दूध बंद झालं हे भूपेशने तिला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तिची जागा रिकामी होती. कॅनच्या रांगेत खंड पडत नाही. मागचा माणूस पुढे सरकतो. रेजिनाची जागा त्याच सकाळी भरली. सरोजिनीबाई कॅनवर वाकत राहिल्या. मधूनच त्यांच्या डोक्यात यायचं, की आत्ता ह्या वेळी रेजिनाच्या तबेल्यात दूध निघालेलं असेल. दूध निघायचं थांबत नाही. ते कुठे जात असेल, ह्या प्रश्नापाशी त्या यायच्या आणि मागे वळायच्या.

आठवड्याने रेजिना आली. स्कूटर तिने रांगेच्या मधोमध घातली, एक कॅन सोडला आणि एकटीने कडीला धरून ओट्यावर चढवला. हिरामण पुढे झाला तर तिने त्याचा हात बाजूला केला. "भूपेशशेठ कुठं हाय? बोलवा त्याला. सगळ्यांसमोर होऊ दे." भूपेश आतून आला. "रेजिना, हे बघ..." "मी नाय बघत. तुम्ही बघा. त्या म्हशीचं दूध मी कॅनात घातलंच नाय. एक थेंब नाय. पहिल्या दिवसापासून वेगळं काढून ओतून टाकते. लपवायचं असतं तर मी बाईंना सांगितलं असतं का, की सड सुजलाय म्हणून?" मग ती सरोजिनीबाईंकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "सरोजिनीबाई, तुमच्याबद्दल माझं काय म्हणणं नाय. तुमचं नाक सगळ्या वसईला माहिती. पण माणूस चुकतो की नाय? तुम्ही ह्याच्यावर वाका. तुम्ही सांगाल ते मला कबूल." तिने झाकण उघडलं.

सरोजिनीबाई वाकल्या. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. दूध पांढरं होतं, कडेला फेसाचं कडं होतं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. त्यांना उगीच वाटलं होतं की दिसेल. ऊब आली. रेजिनाचा श्वास ऐकू येत होता, ती अजून दमलेली होती. हा श्वास ऐकता ऐकता सरोजिनीबाईंच्या आत काहीतरी सैल झालं आणि त्या कमरेतून सरळ होत म्हणाल्या, "वास येत नाही."

क्षणभर त्यांना वाटलं, संपलं. झालं एकदाचं. पण रेजिनाने दोन्ही हात तोंडावर नेले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं; भूपेशने सुस्कारा सोडला; रांगेतला कुणीतरी म्हणाला, "बघा, बाईंनी चूक कबूल केली. ह्याला म्हणतात माणूस." वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं तेव्हा त्यांचं होतं; पलीकडे पोचेपर्यंत ते रेजिनाच्या दुधाचं झालं होतं. त्यात एक "मला" घालायचा राहिला होता. त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर हिरामणने कॅन टाकीत उपडा केला होता. भूपेश सगळ्यांना सांगत होता, "टाकीच नीट धुतली गेली नसेल त्या दिवशी. कोण जाणे." श्रीखंडाचं कोडं तिथेच सोडून दिलं गेलं. पुढच्या दिवसांत सरोजिनीबाईंचं वजन वाढलं. लोक त्यांच्याशी बोलताना अर्धं पाऊल मागे सरकून बोलू लागले. आणि रेजिना रोज जाताना म्हणायची, "रविवारी चर्चची मिसा झाल्यावर या ना घरी. तबेला बघितलाय कुठे तुम्ही माझा?"

त्या गेल्या. न जाण्याचं कारण सापडलं असतं, पण त्यांनी ते शोधलं नाही. वाडीत केळी होत्या, मुळ्याचे वाफे होते, विहिरीवर मोटर चालू होती. तबेला पत्र्याचा, पण आत ओलसर गारवा होता. चर्चला नेसलेली साडी बदलून रेजिना गाउनवर म्हशींत वावरत होती. म्हशी रवंथ करत होत्या, शेपट्या फिरत होत्या, शेण पडत होतं, आणि सरोजिनीबाईंना हे सगळं फार स्वच्छ वाटत होतं. तबेला स्वच्छ वाटतो हे किती भयंकर आहे, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर त्या दुधावरून तबेल्यापर्यंत पोचत आल्या होत्या. आज तबेल्यात उभ्या होत्या आणि कुठेच पोचल्या नव्हत्या. रेजिनाने त्या आजारी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "हीच ती. आता सड मऊ झालाय. डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे दिवसपण उलटले." तिने खाली बसून लोट्यात थोडं दूध काढलं आणि लोटा वर धरला. "बघा बरं. उद्यापासून कॅनात घालू का?"

"रेजिना, मला वास येत नाही."

"म्हणजे घालू ना?" रेजिना हसून म्हणाली.

"तसं नाही. मला येत नाही. कशाचाच. गणपतीपासून."

लोटा तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. रेजिना उठली नाही. ती म्हशीच्या पोटाशी बसून होती आणि तिचा चेहरा सावलीत होता. "माझ्या कॅनावर वाकलात त्या दिवशीपण?"

"त्या दिवशीपण."

"आणि श्रीखंडावर?"

"हो."

"मग माझं नाव कसं घेतलंत?"

"कुणाचं तरी घ्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुझी म्हैस आजारी आहे, हे मला माहीत होतं."

"मी सांगितलं म्हणून."

"हो."

"मी खरं सांगितलं म्हणून." रेजिनाने लोटा जमिनीवर उपडा केला. दूध शेणातून वाट काढत गेलं. "आठवडाभर मी दूध ओतलं, बाई. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलं, चर्चमध्ये दिलं, उरलेलं ओतलं. म्हशीला काय सांगू, आज पान्हा सोडू नको म्हणून? आई म्हणायला लागली, विकून टाक सगळ्या. मी गिऱ्हाईकपण बघून ठेवलं होतं." ती उठली, हात गाउनला पुसले. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे सरोजिनीबाईंना धरायला काही उरलं नाही. "चहा ठेवायला सांगणार होते आईला. आता नको. तुम्ही भूपेशला सांगा. ते सांगितल्याशिवाय माझ्याशी बोलू नका."

भूपेशला सांगायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली. तो दुकानामागच्या खोलीत मोबाईलवर दूध पावडरीच्या बाजाराची कसली तरी बातमी वाचत होता. सरोजिनीबाईंनी उभ्यानेच सांगितलं. ह्या वेळी वाक्य नीट बांधून आणलं होतं, "मला" सुरुवातीलाच होता. भूपेशने मोबाईल पालथा ठेवला. "माहितीये मला," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात आत शेगडीजवळ गॅस गळत होता ना? आम्ही सगळे बाहेर पळालो. तुम्ही तिथेच उभ्या होतात, जाळी धुवत."

"मग बोलला नाहीस?"

"काय बोलू? बाई, लोक तुम्हाला घाबरतात. मशीनला कुणी घाबरत नाही. मशीनला कसं फसवायचं ते सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही वाकता, म्हणून ते घरूनच नीट दूध आणतात. बसा ना. तुम्ही फक्त वाकत जा. बाकी मी बघतो." तो हे प्रेमाने म्हणत होता, त्याच्या वडिलांच्या वेळच्या होत्या त्या. सरोजिनीबाईंच्या डोळ्यांसमोर भातशेतातलं बुजगावणं आलं, जुना सदरा घातलेलं. पाखरांना ते कसं दिसतं ह्याचा विचार त्यांनी कधीतरी केला असेल. बुजगावण्याच्या बाजूने आज पहिल्यांदा केला. घरी आल्यावर त्यांनी ज्ञानदाला सांगितलं. ज्ञानदा म्हणाली, "म्हणून तुम्ही रोज दूध टाकायला सांगत होता." आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने सासूचा हात धरला. सरोजिनीबाईंना नवल वाटलं, की हे इतकं सोपं होतं.

मंगळवारी त्या नेहमीच्या वेळेला ओट्यावर आल्या. भूपेश दुकानाच्या काचेमागे होता. रांग लागली होती. पुढून तिसरी रेजिना, नजर दुसरीकडे. हिरामणने पहिला कॅन ओढला, झाकणाला हात घातला आणि सवयीने अंग मागे घेतलं, बाईंना जागा द्यायला. सरोजिनीबाई हलल्या नाहीत. "हिरामण, तू वाक," त्या म्हणाल्या. "मी?" "मला वास येत नाही. ताप आल्यापासून कशाचाच येत नाही. आजपासून तू वाकायचं, मी विचारीन." त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. काचेमागे भूपेश उभा राहिला. हिरामण हात पुसत राहिला. "बाई, माझं नाक बिडीचं. मला फक्त पानी कळतं." "पाणी मशीन सांगेल. झाकण उघड आणि लगेच वाक." तो वाकला, एखाद्या विहिरीत वाकावं तसा घाबरत. "काय आलं?" "दूध." "दूध मलाही दिसतंय. अजून काय?" तो पुन्हा वाकला. "कडबा. ओला नाय, सुका. आन... पत्रा तापल्यासारखं." "कॅन उन्हात वाळवलाय. ठीक आहे. ओत." दुसऱ्या कॅनला त्याला काहीच सांगता आलं नाही, त्याला तीनदा वाकवून त्यांनी ठीक म्हटलं. रांगेत कुणीतरी हसलं. हिरामणच्या कपाळावर घाम आला होता.

तिसरा कॅन रेजिनाचा. ती स्वतः बाजूला उभी राहिली, हातांची घडी घालून. हिरामणने झाकण उघडलं, वाकला, सरळ झाला आणि सरोजिनीबाईंकडे न बघता रेजिनाकडे बघू लागला. "काय आलं?" "सांगू?" "सांग." "उग्र हाय," तो म्हणाला. "मुळा किसल्यावर येतो तसं." सरोजिनीबाईंना वाटलं, आपण म्हणावं की पुन्हा बघ, दुसरा कॅन बघ, आज राहू दे. त्यांच्याजवळ स्वतःचं काहीही नव्हतं, होता तो दुसऱ्याच्या बिडीने जळालेल्या नाकाचा एक शब्द. आणि समोर हीच बाई. त्यांनी रेजिनाकडे बघितलं. "आज हा परत ने," त्या म्हणाल्या.

रेजिना पुढे आली. लोकांना वाटलं, आता ती हिरामणवर धावून जाईल. तिने कॅनची कड धरली, खाली वाकली आणि तशीच राहिली, केस दुधाला लागतील इतकी जवळ. मग तिने मान वर केली. "येतो," ती म्हणाली. "काल वैरण आली नाय. वाडीतला पाला टाकला होता मी." हे ती हिरामणला सांगत होती. तिने झाकण दाबून बसवलं, त्याने दुसऱ्या बाजूची कडी धरली आणि दोघांनी कॅन खाली उतरवून स्कूटरला बांधला. दोरी ओढताना तिने एकदा सरोजिनीबाईंकडे बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती, पण ती नजर ओट्यावरच्या माणसाने ओट्यावरच्या माणसाकडे टाकावी तशी होती. स्कूटर सुरू झाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. काचेमागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भूपेश परत बसला होता.

"पुढचा," सरोजिनीबाई म्हणाल्या. रांगेतला पुढचा माणूस एक मोठा तबेलेवाला होता. इतक्या वर्षांत त्याने हिरामणकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्याने कॅन ओट्यावर ठेवला, एकदा हिरामणकडे बघितलं, आणि तो वाकायच्या आत खिशातून रुमाल काढून झाकणाची कड पुसून घेतली.